पाळी लांबलीय, मळमळतंय, पण किट निगेटिव्ह: दिवस गेलेत की नाही, कसं ओळखायचं?

घणसोलीच्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८, लग्नाला दोन वर्षं झाली, बाळ हवं आहे. पाळी कधी ३२ दिवसांनी येते, कधी ३८. आज ३६वा दिवस आहे. ३०व्या दिवशी घरी किट केलं, एकच रेघ आली. पण छाती जड आहे, हात लागला तरी दुखते. सकाळी ट्रान्सहार्बरच्या गाडीत ठाण्याला येईपर्यंत मळमळतं. ३३व्या दिवशी थोडे तपकिरी डाग दिसले आणि बंद झाले. सासूबाई म्हणतात, ‘तोंडावरूनच कळतंय, दिवस गेलेत.’ त्यातच गेल्या आठवड्यात अक्कलदाढ सुजली होती. दाताचा एक्स-रे काढला, पाच दिवस अँटिबायोटिक आणि पेनकिलर घेतली, गोळ्या कालच संपल्या. आता त्यांना जाणून घ्यायचंय की खात्रीची लक्षणं कोणती, लगेच सोनोग्राफी करावी का, आणि त्या गोळ्यांनी काही बिघडलं असेल का.

मी ठाण्यात बरीच वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न मला ओपीडीत वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ रोज ऐकायला मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वरवर पाहता प्रश्न लक्षणांचा आहे. मला त्यातली खरी अडचण वेगळी दिसते. तुम्ही अशा दिवसांत आहात की अजून कुणालाच, डॉक्टरांनासुद्धा, नक्की सांगता येणार नाही, आणि घरात मात्र सगळ्यांचं ठरून गेलंय. हे दिवस कसे काढायचे, आणि किटवर नेमका कधी विश्वास ठेवायचा, हे कळलं की निम्मी घालमेल कमी होईल.

आधी ३०व्या दिवसाच्या किटबद्दल बोलू, कारण सगळा घोळ तिथे सुरू झालाय.

किट लघवीत एचसीजी नावाचं हार्मोन शोधतं. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या भोवतालच्या पेशी हे हार्मोन तयार करायला लागतात. रुजण्याआधी ते नसतंच. (१९३०च्या दशकात याच हार्मोनसाठी बाईची लघवी आफ्रिकन बेडकीला टोचायचे आणि तिने अंडी घातली की बाई गरोदर आहे असं समजायचे. आज तेच काम कागदाची पट्टी पाच मिनिटांत करते.) म्हणजे किटचा हिशेब संबंध आले त्या दिवसापासून सुरू होत नाही आणि पाळीच्या तारखेपासूनही होत नाही. तो गर्भ रुजल्यापासून सुरू होतो.

आता तुमचं गणित मांडू. स्त्रीबीज पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. मागच्या पाळीनंतर १४व्या दिवशी, हे फक्त २८ दिवसांचं चक्र असलेल्यांना लागू होतं. पाळी ३२ दिवसांनी येणार असेल तर स्त्रीबीज १८व्या दिवसाच्या आसपास सुटतं. ३८ दिवसांनी येणार असेल तर २४व्या दिवसाच्या आसपास. त्यानंतर गर्भ रुजायला बहुतेक वेळा ८ ते १० दिवस लागतात. म्हणजे या महिन्यात तुमचं स्त्रीबीज २४व्या दिवशी सुटलं असेल आणि दिवस गेलेही असतील, तरी गर्भ ३२ ते ३४व्या दिवशी रुजणार. मग ३०व्या दिवशी किटमध्ये दुसरी रेघ येणार कुठून? किट बरोबरच होतं, फक्त ते घाईने केलं गेलं.

रुजल्यानंतरही लगेच रेघ येत नाही. एचसीजी सुरुवातीला अगदी थोडं असतं आणि साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होतं. घरगुती किटना दिसण्याइतकं ते वाढायला आणखी काही दिवस जातात. त्यामुळे आज ३६व्या दिवशी केलेलं किटसुद्धा निगेटिव्ह येऊ शकतं आणि तरी दिवस गेलेले असू शकतात. ४०व्या दिवशी केलेल्या किटवर मात्र मी बऱ्यापैकी भरवसा ठेवेन. पाळी अनियमित असलेल्या प्रत्येकीला मी एक साधा नियम सांगते. पाळीची तारीख नक्की माहीत नसेल तर शेवटचे संबंध आल्यापासून २१ दिवस मोजा. त्यानंतर केलेलं किट निगेटिव्ह आलं तर त्या संबंधातून दिवस गेलेले नाहीत असं धरायला हरकत नाही. ज्यांची पाळी घड्याळासारखी २८ दिवसांनी येते त्यांना पाळी चुकल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बहुतेक वेळा उत्तर मिळतं. त्यांचा अनुभव ऐकून आपलं किट करू नका. तुमच्या नणंदेला ३०व्या दिवशी दोन रेघा आल्या असतील, तर तिचं चक्र वेगळं होतं.

आता लक्षणांकडे वळू. एक गोष्ट मी पेशंटना आकृती काढून दाखवते, इथे शब्दांत सांगते. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात ज्या जागेतून ते सुटलं तिथे एक छोटी पिवळसर गाठ तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवते. दिवस गेलेत की नाहीत याच्याशी तिचा सुरुवातीला काही संबंध नसतो, ती आपलं काम दोन आठवडे करतेच. छाती जड होणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, बद्धकोष्ठता, दुपारी डोळे मिटायला लागणं, अंग किंचित गरम वाटणं, चिडचिड, हा सगळा प्रोजेस्टेरॉनचा परिणाम असतो. गर्भ रुजला नाही तर ती गाठ आपोआप सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. गर्भ रुजला तर एचसीजी त्या गाठीला जिवंत ठेवतं आणि प्रोजेस्टेरॉन चालूच राहतं.

म्हणून पाळीच्या तारखेपर्यंत गरोदर बाई आणि पाळी येऊ घातलेली बाई यांच्या शरीरात एकच हार्मोन बोलत असतं. लक्षणं वेगळी नसतात, गरोदर बाईची पुढे थांबत नाहीत, एवढाच फरक. ‘या वेळी नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय’ असं सांगणाऱ्या कितीतरी बायकांना दुसऱ्या दिवशी पाळी आलेली मी पाहिली आहे, आणि ‘छे, काहीच वाटत नाहीये’ म्हणणाऱ्यांच्या किटवर ठळक दोन रेघाही पाहिल्या आहेत. पूर्ण पहिले तीन महिने काहीही न जाणवणाऱ्या बायकाही असतात आणि त्यांची बाळं अगदी ठणठणीत जन्मतात.

याचा अर्थ लक्षणांना किंमतच नाही असा नाही. तारीख उलटून गेल्यावर त्यांना वजन येतं. छातीचं दुखणं एरवी पाळी आली की उतरतं. ते तारखेनंतर आठवडाभर टिकून राहिलं, वाढत गेलं, स्तनाग्रं हुळहुळी झाली, तर माझे कान टवकारतात. स्तनाग्राभोवतीचा भाग काळसर होणं, त्यावरचे बारीक फोड उठून दिसणं, हे आणखी काही आठवड्यांनी होतं. थकवाही तसाच. रात्री आठलाच झोप अनावर होते, जिना चढताना दम लागतो. रात्री लघवीला उठावं लागतं, आणि त्या वेळी जळजळ नसते. जळजळ असेल तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, त्याची तपासणी वेगळी. वासाची गोष्ट मला नेहमी जास्त बोलकी वाटते. कुकरमध्ये डाळ शिजतानाचा वास, फोडणी, गाडीत शेजारच्या बाईच्या केसांचं तेल, नवऱ्याचा साबण, जे काल खटकत नव्हतं ते आज नकोसं होतं. तरीही एकट्या वासावरून मी कुणाला पेढे वाटायला सांगणार नाही.

मळमळीबद्दल तुमच्या बाबतीत मला थोडी शंका आहे, ती मोकळेपणाने सांगते. गरोदरपणातली मळमळ बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास जास्त असते आणि बहुतेकींची बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पण २८ दिवसांचं चक्र गृहीत धरून. तुमचं स्त्रीबीज उशिरा सुटलं असेल तर तुम्ही आत्ता कशाबशा चौथ्या आठवड्यात आहात. एवढ्या लवकर गर्भामुळे मळमळणं क्वचितच होतं. उलट दाढेसाठी दिलेल्या अँटिबायोटिकने आणि पेनकिलरने पोट बिघडणं अगदी नेहमीचं आहे. त्यात सकाळी फक्त चहा घेऊन गर्दीच्या डब्यात उभं राहायचं. तेव्हा ही मळमळ गोळ्यांची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. गोळ्या कालच संपल्यात, दोन-तीन दिवसांत ती कमी झाली तर तेच कारण. कमी होण्याऐवजी पुढच्या आठवड्यात वाढली तर मात्र गोष्ट वेगळी.

याच्या उलट चूक मी जास्त वेळा होताना पाहते. पाळी लांबलेली असते, मळमळ असते, आणि ‘पित्त झालंय’ म्हणून तीन-तीन आठवडे मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणून घेतल्या जातात. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या बायका, ज्यांना वाटतं की आता पाळी जायची वेळ झाली. आणि बाळ अंगावर पीत असलेल्या आया, ज्यांची पाळी बाळंतपणानंतर अजून सुरूच झालेली नाही. स्तनपान चालू असताना पहिली पाळी येण्याच्या आधीच स्त्रीबीज सुटू शकतं, त्यामुळे पाळी न चुकताही दिवस जाऊ शकतात. अशा दोघींनी पित्ताची गोळी घेण्याआधी एक किट करावं.

३३व्या दिवसाचे तपकिरी डाग. गर्भ रुजताना थोडे डाग दिसू शकतात असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि तुम्हीही ते वाचलं असणार. तारीख जुळते हे खरं. पण डाग पाहून ते रुजण्याचे आहेत की पाळीच्या सुरुवातीचे, की गर्भाशयाच्या तोंडाला थोडी सूज असल्यामुळे संबंधांनंतर आलेले, हे मी सांगू शकत नाही. रंगावरून तर अजिबात नाही, तपकिरी म्हणजे फक्त जुनं रक्त. तेव्हा त्या डागांवरून आनंदही नको आणि भीतीही नको. तारीख मात्र लिहून ठेवा, पुढे डॉक्टरांना उपयोगी पडते.

सासूबाईंच्या ‘तोंडावरून कळतं’ याविषयी. त्यांच्या मनात माया आहे, त्यांना दुखवू नका. पण चेहऱ्यावरचं तेज, नाडी, चालण्याची ढब यावरून इतक्या लवकर काहीही कळत नाही. लघवीत टूथपेस्ट, मीठ, साखर, खायचा सोडा टाकून फेस येतो का पाहणं हेही निरर्थक आहे. बऱ्याच टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं. लघवी आम्लधर्मी असली की तिच्यामुळे फेस येतो, मग ती लघवी पुरुषाची असली तरी येईल. हे मी एवढ्यासाठी सांगते की अशा ‘परीक्षेत’ नापास ठरलेल्या मुलीने बेफिकीर राहून पुढचे दोन महिने वाया घालवलेले आहेत, आणि ‘पास’ झालेल्या मुलीच्या घरी ओटी भरायची बोलणी सुरू झाल्यावर पाळी आलेली आहे. त्या दुसऱ्या मुलीला जे ऐकून घ्यावं लागतं ते मी खोलीत समोर बसून ऐकलेलं आहे. दर महिन्याला घरभर चर्चा होणं हा फार मोठा ताण असतो. तुमची पाळी कितव्या दिवशी आहे हे तुम्ही आणि तुमचे यजमान सोडून कुणाला माहीत असण्याची गरज नाही. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचा ठोका दिसल्यावर सांगितलं तरी कुणाचा मान कमी होत नाही.

किट करायची पद्धत थोडक्यात. सकाळची पहिली लघवी घ्या, रात्री उठून दोन तांबे पाणी प्यायलात तर ती पातळ होते. स्वच्छ कोरड्या भांड्यात घेऊन सोबतच्या ड्रॉपरने पाकिटावर सांगितले असतील तेवढेच थेंब टाका. पाच मिनिटांनी बघा. नियंत्रण रेघ, म्हणजे किट चालतंय हे दाखवणारी रेघ, आली नाही तर किट खराब आहे, दुसरं आणा. दोन्ही रेघा आल्या आणि दुसरी फिकट असली तरी ती रेघच आहे, अर्थ पॉझिटिव्ह. पण सकाळी निगेटिव्ह वाटलेलं किट कचऱ्यातून काढून संध्याकाळी पाहू नका. वाळल्यावर तिथे राखाडी रेघेसारखं काहीतरी दिसतं आणि विनाकारण आशा लागते. मेडिकलमध्ये ओळखीच्या माणसासमोर किट मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट मोफत मिळतं, हे वस्त्यांमध्ये आणि गावठाणात राहणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवावं.

रक्ताची बीटा एचसीजी तपासणी किटपेक्षा थोडी आधी उत्तर देते. ५ पेक्षा कमी म्हणजे नाही, २५ पेक्षा जास्त म्हणजे हो, आणि मधलं आलं तर ४८ तासांनी पुन्हा. सगळ्यांनी ती करावी असं मला वाटत नाही. पूर्वी गर्भपात झालेला असेल, एकदा गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत (गर्भनलिकेत) राहिलेला असेल, पोटात दुखत असेल, वंध्यत्वाचे उपचार चालू असतील, तर मात्र ती लगेच करावी. उपचार घेणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. स्त्रीबीज सुटण्यासाठी काही वेळा एचसीजीचंच इंजेक्शन देतात. ते शरीरातून जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. तोवर केलेलं किट त्या इंजेक्शनमुळेही पॉझिटिव्ह येतं.

लगेच सोनोग्राफी? तुमच्या बाबतीत माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पोटात कळ नाही, रक्तस्राव नाही, किट अजून पॉझिटिव्ह नाही. नियमित चक्रातसुद्धा गर्भाची पिशवी पाचव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागते, तीही योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, आणि ठोका साधारण सहाव्या आठवड्यात. तुमचं स्त्रीबीज उशिरा सुटलं असेल तर आज फक्त जाडसर अस्तर दिसेल. ते पाळीआधीही दिसतं. रिपोर्टमध्ये ‘पिशवी दिसत नाही’ असं वाक्य लिहून येईल आणि घरी रडारड होईल. किट पॉझिटिव्ह आल्यावर साधारण दोन-अडीच आठवड्यांनी करा. तेव्हा गर्भाची लांबी मोजून खरं वय कळेल. तुमच्यासारख्या लांबणाऱ्या पाळीत बाळंतपणाची तारीख या मोजमापावरूनच ठरवायची असते, पाळीच्या तारखेवरून धरली तर एक-दीड आठवड्याचा फरक पडतो आणि नवव्या महिन्यात त्यावरून उगाच घाई होते. सोनोग्राफीला जाताना ओळखपत्र न्या. लिंगनिदानाविरोधातल्या १९९४च्या कायद्यानुसार गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी फॉर्म भरावा लागतो. काही जणी तो फॉर्म पाहून घाबरतात, घाबरू नका, तो सगळ्यांचाच भरतात.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगते. पाळी चुकलेली आहे किंवा किट पॉझिटिव्ह आहे, आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते, खांद्याच्या टोकाला दुखतं, घेरी येते, घाम फुटतो, किंवा पॅड भिजेल इतकं अंगावर जातं, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता असते. शंभरातल्या एक-दोघींच्या बाबतीत गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतो. नळी फुटली की पोटात रक्त साठतं आणि बाहेर मात्र थोडेच डाग दिसतात. म्हणून ‘फार काही जात नाहीये’ हे इथे दिलासा मानायचं कारण नाही. अशा वेळी संध्याकाळच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरू नका. ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचं महापालिकेचं असो की जवळचं खासगी. १०८ला फोन करा. रात्री अडीच वाजता उगाच गेलो असं वाटलं तरी चालेल.

गोळ्यांचं आणि एक्स-रेचं. दाताच्या एक्स-रेमध्ये किरण जबड्यावर असतात, गर्भाशयापर्यंत पोहोचणारा डोस नगण्य असतो. त्याची काळजी मनातून काढून टाका. दंतवैद्य सहसा देतात ती अमॉक्सिसिलिनची अँटिबायोटिक्स गरोदरपणातही आम्ही देतो. पेनकिलर कोणती होती ते चिठ्ठीवर पाहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक या जातीची असेल तर आता पुढे घेऊ नका, गरज पडली तर पॅरासिटामॉल घ्या. पण गेल्या आठवड्यातल्या चार-पाच दिवसांच्या गोळ्यांसाठी गर्भ पाडायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. तुमच्या हिशेबाने त्या दिवसांत गर्भ रुजलेलाही नसेल किंवा नुकता रुजत असेल. मला काळजी वाटते ती वेगळ्या औषधांची: मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, संधिवातासाठी देतात ते मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, रक्तदाबाची काही औषधं. यातलं काही चालू असेल तर किटची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करा. पण फिट्सची, रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी मनाने बंद करू नका. फिट येणं हे बाळासाठीही धोक्याचं असतं, आणि थायरॉइडच्या गोळीचा डोस तर गरोदरपणात बहुतेक वेळा वाढवावा लागतो.

आणि उत्तर मिळेपर्यंत गरोदर आहोत असं समजूनच राहा. त्यासाठी फार काही करायचं नसतं. फॉलिक अॅसिड सुरू नसेल तर आजपासून घ्या, रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम. बाळ हवं असं ठरवलं तेव्हापासूनच ते घ्यायचं असतं, कारण बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे बऱ्याच जणींना कळेकळेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. दारू, सिगारेट, तंबाखू नको, आणि मिश्रीही नको. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती दातांना लावली तरी निकोटीन रक्तात जातं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘मी काहीच व्यसन करत नाही’ असं सांगणाऱ्या बायका मिश्री मोजत नाहीत. कडक उपास सध्या नको. सकाळी गाडी पकडण्याआधी दोन घास पोळी किंवा मूठभर चुरमुरे खाऊन निघा. मळमळ कशाचीही असली तरी रिकाम्या पोटी ती वाढते. गाडीत उभं राहिल्याने, ऑफिसला गेल्याने, जिना चढल्याने गर्भ पडत नाही.

हे वाचणाऱ्यांत अशीही कुणी असेल जिला आत्ता बाळ नको आहे, किंवा जिचं लग्न झालेलं नाही. तुमच्यासाठी लवकर कळणं तर आणखी महत्त्वाचं. तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली असेल तर पाळी मागेपुढे होते, तीन आठवड्यांनी किट करा. पॉझिटिव्ह आलं तर मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, रक्त मात्र जातं, आणि सगळं झालं असं वाटून खरा धोका झाकला जातो. १९७१च्या गर्भपात कायद्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाली आहे. नोंदणीकृत डॉक्टरांकडे, ठरलेल्या मुदतीत, अविवाहित स्त्रीलाही कायदेशीर गर्भपात करून घेता येतो आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही.

आता परत तुमच्याकडे. उद्या सकाळी एक किट करा. दोन रेघा आल्या तर आनंदाने, पण सावकाश: फॉलिक अॅसिड चालू ठेवा, आठवड्याभरात डॉक्टरांना भेटा, रक्तगट आणि थायरॉइड तपासून घ्या, बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. खासगीत परवडत नसेल तर वाशी, ऐरोली, नेरुळ इथल्या महापालिकेच्या रुग्णालयांत नोंदणी होते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. एकच रेघ आली तर चार दिवसांनी, ४०व्या-४१व्या दिवशी, पुन्हा करा. त्या मधल्या दिवसांत रोज किट करू नका.

तेही निगेटिव्ह आलं आणि शेवटच्या संबंधांना तीन आठवडे उलटले तरी पाळी आली नाही, तर प्रश्न गरोदरपणाचा उरत नाही, पाळी का लांबते याचा होतो. दाढेची सूज, ताप, जागरण, परीक्षा किंवा नोकरीतला ताण यांनी एखाद्या महिन्यात स्त्रीबीज उशिरा सुटतं आणि पाळी पुढे जाते, त्याला औषध लागत नाही. पण तुमचं चक्र नेहमीच ३२ ते ३८ असं हलत असेल आणि बाळासाठी प्रयत्न करून वर्ष झालं असेल, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) आणि पीसीओएससाठीची (हार्मोनच्या बिघाडामुळे स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) तपासणी आता करायलाच हवी. पाळी आणण्याच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्याने चक्राची खरी अडचण झाकली जाते. डॉक्टरकडे जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, त्या डागांची तारीख आणि दंतवैद्याची चिठ्ठी सोबत न्या. यजमानांची वीर्यतपासणीही त्याच आठवड्यात करून घ्या, ती सर्वांत स्वस्त आणि सोपी तपासणी आहे, आणि सगळ्यात शेवटी केली जाते.